आमच्या अंगणात रंग आले कोठून?

काही दिवसांपूर्वी जुन्नरकडच्या एका शिक्षिकेने मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या शाळेपुढे थोडी मोकळी जागा आहे. तेथे एकाच रंगाची बाग करावी, शिरताना सगळे पांढरे किंवा सगळे पिवळे दिसावे, अशी त्यांची इच्छा. "रोपे कोणती आणू ते तेवढे सांगा," असे त्या म्हणाल्या. प्रश्न साधा आहे. पण मी लगेच यादी दिली नाही, कारण मी स्वतः एकदा यादी करून फसलो आहे.

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, जिथे पाऊस हात आखडून पडतो, तिथल्या एका शाळेत मी नोकरीला होतो. आम्ही मोठ्या हौसेने जून महिन्यात लाल रंगाची बाग केली. कॅना लावले, जास्वंद लावली, साल्व्हिया लावला. दिवाळीपर्यंत असे दिसत होते की वाटसरू थांबून पाहत. बाग पाहायला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र मला बाजूला घेऊन विचारले, "गुरुजी, समदं झ्याक हाय. पन मे महिन्यात पोरं घरी गेल्यावर ह्यास्नी पानी कोन घालनार?" मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सगळी लाल बाग करड्या रंगाची झाली होती. हिरवी राहिली होती ती फक्त कुंपणाची कोरांटी, आणि ती आम्ही लावलेलीच नव्हती.

तेव्हापासून मी रंगाचा विचार निराळ्या रीतीने करू लागलो. आज आपल्या अंगणात जे रंग दिसतात ते आले कोठून, कोणी आणले, आणि आलेल्यांपैकी कोण टिकले? ही हकीकत कळली म्हणजे रोपांची यादी पुष्कळशी आपोआप तयार होते. आणि ही हकीकत सांगायला जुन्नर-आंबेगावइतका सोयीचा मुलूख दुसरा क्वचितच सापडेल.

सुरुवात लेण्यांपासून करू. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतली बहुतेक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. नाणेघाटाने कोकणातून माल वर येई, त्या व्यापारातून पैसा आला आणि त्या पैशातून दाने झाली. दान देणारे नुसते राजे नव्हते. बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे, धान्याचा व्यापार करणारे अशा लोकांच्या श्रेणी होत्या. आजच्या भाषेत त्यांना धंदेवाल्यांच्या संस्था म्हणू. अशाच एका श्रेणीकडे एका शक उपासकाने जमीन नेमून दिल्याचा शिलालेख जुन्नरला आहे. वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा लेख मुलांना जरूर सांगा. या तालुक्यातली झाडे लावण्याची ही फार जुनी लेखी नोंद आहे. यात फुलांचा रंग कोठे नाही. आहे ती जमीन, झाडाची जात, आणि ते कोणी सांभाळायचे ती व्यवस्था. आमच्या लाल बागेत नेमके हेच तिसरे कलम राहून गेले होते.

मग त्या काळच्या लोकांना रंगांचे वेड नव्हते का? होते तर. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला गाथासप्तशती हा माहाराष्ट्री प्राकृतातला संग्रह पहा. त्यातल्या एका गाथेत पळसाची फुले जमिनीवर पसरलेली पाहून कवीला बुद्धाच्या पायांशी वाकलेल्या भिक्षूंची आठवण होते. फाल्गुनात आजही कुकडीच्या किंवा घोडच्या काठाने गेलात, तर ती उपमा एखाद्याला का सुचली असेल ते सांगावे लागत नाही. पण हा रंग रानातला होता. तो पाहायला माणूस रानात जाई, किंवा रानातून फांदी घरी आणी. अंगणात रंग लावण्याची रीत वेगळ्या वाटेने आली.

ती वाट देवघराची. आपल्याकडे फुलाचा रंग देवावरून ठरत आला. गणपतीला लाल फूल, म्हणून लेण्याद्री आणि ओझर या दोन अष्टविनायकांच्या मुलखात दारात जास्वंद हवीच. शंकराला पांढरे फूल आणि बेल, म्हणून भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावांत तगर आणि पांढरी कण्हेर. खंडोबाचा रंग हळदीचा, म्हणून पिवळ्या फुलांचा मान. मधोमध तुळशीवृंदावन. ज्या घरात कुलदैवत खंडोबा, तिथे अंगण आपोआप पिवळे होई. एकरंगी बाग ही आपल्याला वाटते तशी नवी कल्पना नव्हे. आजीला विचारले असते तर तिने म्हटले असते, "आम्ही काही बाग केली नाही बाई, देवाला लागतात म्हणून चार झाडं लावली."

या जुन्या अंगणातली बरीच फुले पांढरी आणि वासाची होती हेही ध्यानात घ्या. मोगरा, जाई, जुई, कुंद, पारिजातक. त्याला कारण आहे. यांतली पुष्कळ फुले संध्याकाळी किंवा रात्री उमलतात. त्यांच्याकडे येणारे पतंग अंधारात हिंडणारे. त्यांना लाल रंग दाखवून उपयोग नाही. त्यांना वास हवा, आणि मंद उजेडातही दिसेल असा पांढरा रंग हवा. याउलट जास्वंद आणि पांगारा दिवसा फुलतात, त्यांना वास जवळजवळ नाही. त्यांचे पाहुणे म्हणजे शिंजीरासारखे पक्षी, आणि पक्ष्यांना लाल रंग चांगला दिसतो. मधमाशीला मात्र लाल रंग, रंग म्हणून ओळखता येत नाही. तिला पिवळा आणि निळा कळतो. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९१४ च्या सुमारास रंगीत कागद आणि साखरेचे पाणी एवढ्या सामानावर मधमाशीला रंग कळतात हे सिद्ध केले. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी पुढे १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कागद आणि साखरेचे पाणी आपल्या शाळेतही मिळते. करून पाहायला हरकत नाही.

आता दुसरी वाट पाहू. ती समुद्रावरून आली.

सन १४९० मध्ये मलिक अहमदाने जुन्नरला स्वतंत्र निजामशाहीची स्थापना केली. पुढे १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवले, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. याच सुमारास, १४९८ साली, पोर्तुगीज कालिकतला उतरले. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अमेरिका खंडातल्या वनस्पती आपल्या किनाऱ्यावर आल्या आणि घाट चढून वर आल्या. मिरची आली हे आपण जाणतोच. तिच्या जोडीने फुलेही आली. झेंडू हा मूळ मेक्सिकोकडचा. देवळापुढचा चाफा, ज्याला आपण खुरचाफा म्हणतो, तोही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. गुलछडी म्हणजे निशिगंध, तीही मेक्सिकोची. गुलबक्षीचे मूळही अमेरिकेतच. सदाफुली मादागास्कर बेटावरची. शेवंतीचे मूळ चीनमध्ये.

नावे पहा. गुलाब, गुलबक्षी, गुलछडी, गुलमोहर. 'गुल' हा फारसी शब्द, अर्थ फूल. जुन्नरजवळच्या एका गावाचे नाव हापूसबाग आहे, तिथे हबशी महाल आणि हबशी घुमट या इमारती आहेत. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे निजामशाहीची राजधानी जुन्नरला ठेवली होती. दरबाराची भाषा फारसी, बागेचा शौक मोठा, तेव्हा फुलांना फारसी नावे मिळाली तर नवल नाही. ही नावे आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी अशी बसली की आज ती परकी आहेत हे सांगावे लागते.

आणि झेंडूचे पहा. परदेशातून आलेले हे फूल, पण दसऱ्याला झेंडूचे तोरण नसेल तर सण झाला असे वाटेल का? नारायणगावच्या आसपास टोमॅटोचे पीक मोठे. तिथे शेतकरी टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडूची ओळ लावतात. फळ पोखरणारी अळी ज्या पतंगापासून होते, तो पतंग आपली अंडी झेंडूवर घालतो आणि टोमॅटोवरचा भार हलका होतो. झेंडूच्या मुळांनी जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात. पाहुणा आला आणि घरच्या कामाला लागला.

तिसरी वाट इंग्रजी अमदानीची, आणि ती तर थेट जुन्नर तालुक्यातून जाते. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पती-उद्यान सुरू झाले. १८३८ पासून त्याचा कारभार डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शस्त्रवैद्याकडे आला. त्याच्या हाताखाली जुन्नर तालुक्यातल्या हिवरे येथेही एक बाग होती. येथे मुख्यतः औषधी वनस्पती लावल्या जात. विलायतेहून महाग औषधे मागवण्याऐवजी ती येथेच पिकवावीत, हा हेतू. कोणते झाड आपल्या मातीत येते, किती पाणी मागते, हे आधी लावून पाहायचे आणि मग पुढे वाटायचे, अशी त्या बागांची रीत होती.

दापोडीच्या बागेतल्या झाडांची आणि फुलांची रंगीत चित्रे १८४७ ते १८५० या काळात काढली गेली. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा होता एवढेच कळते, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ती चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपून ठेवलेली आहेत. साहेबाचे नाव राहिले, ज्याने एकेक पाकळी रंगवली त्याचे राहिले नाही. इतिहासात असे पुष्कळदा होते.

गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. बागेतला माणूस रानाकडे गेला, कारण डोंगरावरची झाडे तुटली की खालचे झरे आटतात, अशी त्याची खात्री झाली होती. त्याने आणि डाल्झेलने मिळून लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला. त्या काळच्या जंगलाच्या नियमांचा चटका डोंगरातल्या गरीब लोकांना बसला, त्यांची फिरती शेती बंद पडू लागली, हेही सांगितले पाहिजे. पण झाड आणि पाणी यांचे नाते त्याने ओळखले होते, हे नाकारता येत नाही.

याच अमदानीत बंगल्यापुढे केवळ शोभेसाठी फुलझाडे लावण्याची पद्धत आपल्याकडे रुळली. नुसत्या रंगाचा विचार करून वाफे आखण्याचे शास्त्र विलायतेत पुढे गर्ट्रूड जीकिल या बाईंनी नावारूपाला आणले. त्या १८४३ साली जन्मल्या. चित्रकला शिकलेल्या होत्या, पण नजर कमी होऊ लागल्याने त्या बागेकडे वळल्या. त्यांचे बागेतल्या रंगांवरचे पुस्तक १९०८ मध्ये निघाले. आपल्या देशात त्याच्याही कितीतरी आधी आग्र्याला यमुनेपलीकडे, ताजमहालासमोर, मेहताब बाग झाली होती. मेहताब म्हणजे चांदणे. चांदण्यात पाहण्यासाठी केलेली ती बाग. कल्पना दोन्हीकडे सुंदर. पण विलायतेत पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, आणि बादशहाच्या बागेला यमुनेचे पाणी होते. आपल्या शाळेला चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे, आणि मे महिन्याची सुट्टी.

श्रोतेहो, आता एक इशारा. याच शोभेच्या हौसेतून आणखी एक झाड आले. मूळ अमेरिकेचे, गुच्छाची फुले, उमलताना पिवळी आणि मग केशरी-गुलाबी होणारी. एका झुडपावर इतके रंग पाहून कोणालाही ते दारात असावे असे वाटले असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते हिंदुस्थानात शोभेसाठी आणि कुंपणासाठी आणले गेले. आपण त्याला घाणेरी म्हणतो, कोणी टणटणी म्हणतात. पाखरांनी फळे खाल्ली आणि बी रानोमाळ नेले. आज डोंगरउतारांवर, पडीक रानांत घाणेरीची जाळी माजली आहे. तिच्याखाली गवत वाढत नाही, आणि जनावराने ती खाल्ली तर यकृताचे दुखणे होते. चरायची जागा गेली ती धनगराची आणि आदिवासीची, ज्यांनी ती कधी लावली नव्हती.

झेंडू आणि घाणेरी, दोन्ही अमेरिकेचीच. एक शेतकऱ्याचा सोबती झाला, दुसरी रान खाऊन बसली. म्हणून झाड देशी की परदेशी एवढ्यावर थांबू नये. आल्यावर ते कसे वागले हे पाहावे. तर अंगणासाठी रोप निवडताना रंगाच्या आधी तीन प्रश्न विचारावेत, असे हा सारा इतिहास सांगतो. उन्हाळ्यात याला पाणी कोण घालणार? हे कोणत्या महिन्यात फुलणार? आणि कुंपणाबाहेर गेले तर काय करणार?

या तीन चाळण्यांतून आता त्या बाईंची यादी गाळून काढू.

पांढरे अंगण हवे असेल तर उन्हाळ्याला मोगरा, पावसाळ्याला जुई आणि अनंत, भाद्रपदापासून पारिजातक, थंडीला कुंद, आणि वर्षभर तगर. मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागते, तेव्हा तो हातपाय धुण्याच्या जागेजवळ लावावा, सांडलेले पाणी त्याच्या आळ्यात जाईल. एक पांढरा चाफा फाटकाशी असावा. तो पाने टाकून उन्हाळा काढतो, कोणाकडे काही मागत नाही.

पिवळे अंगण आपल्या कोरड्या पूर्व भागाला फार सोयीचे. कुंपणाला कोरांटी. तिला काटे आहेत म्हणून शेळी तोंड लावत नाही, आणि थंडीत ती फुलते. जुलैमध्ये झेंडूचे बी टाकले की दसऱ्याला फुले हाती येतात. मग शेवंती. आणि एका कोपऱ्यात बहावा, चैत्र-वैशाखात सगळे वाळलेले असताना तो पिवळ्या घोसांनी लदलेला असतो.

लाल हवे असेल तर जागा मोठी पाहिजे. पळस आणि पांगारा ही झाडे फाल्गुनात पेटतात. खाली दाराशी जास्वंद, पण ती पाणी मागते, तेव्हा एक-दोनच. आमच्यासारखी ओळ लावू नका.

निळ्या-जांभळ्यासाठी तारेवर गोकर्ण चढवावी. बी टाकले की येते. निळी कोरांटी असावी. झाड हवे तर तामण, ते आपल्या राज्याचे फूल आहे. सोबत गुलबक्षी लावावी. तिची मुळे कंदासारखी असतात, म्हणून उन्हाळ्यात वरचे झाड वाळले तरी पावसाच्या पहिल्या सरीला ती पुन्हा फुटते. मे महिन्याच्या सुट्टीवर याहून चांगला उपाय नाही. कारवीचा मोह मात्र सोडावा. भीमाशंकरच्या बाजूला ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. ती तिथेच जाऊन पाहावी.

आणखी एक सांगणे. कण्हेर, पिवळी बिट्टी आणि कळलावी ही दिसायला सुंदर, पाण्याविना तगणारी, पण विषारी. लहान मुलांच्या शाळेत ती लावू नयेत.

शेवटी एक गोष्ट मनात येते. ज्या आंबेगावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, ते मूळ गाव आज जमिनीवर नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली ते गेले. त्या धरणाच्या आणि कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्यावर आज खालची शेते आणि खालची अंगणे हिरवी आहेत. कोणाची तरी अंगणे बुडाली तेव्हा आपल्याला पाणी मिळाले. म्हणून अंगणातल्या झाडाला तांब्याभर पाणी घालताना ते कोठून आले हे मुलांना सांगावे.

आणि रोपे विकत आणण्यापूर्वी गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊन यावे. त्यांच्याकडची फांदी, कंद किंवा मूठभर बी मागून घ्यावे. ते झाड आपल्या मातीत पन्नास उन्हाळे काढून बसलेले असते. कोणाच्या दारातून काय आणले, ते मुलांकडून शाळेच्या वहीत लिहून घ्यावे. दापोडीच्या चित्रकाराचे नाव राहिले नाही, निदान आपल्या अंगणाला फांदी देणाऱ्या आजीचे तरी राहू द्यावे.